गाडी गेली की बारी संपली

मी न्यायासनावर बसलो त्या दिवशी अंगातला कोट दुसऱ्याचा होता, धोतर माझं होतं आणि कायद्याचं ज्ञान त्या खोलीत कुणाचंच नव्हतं. न्यायासन म्हणजे तरी काय, शाळेतल्या दुसरीच्या वर्गाचा बाक. त्यावर बसलं की गुडघे कानाला लागायचे. पण मी असा ताठ बसलो की बाक नंतर महिनाभर कुबड काढून उभा होता.

साठ सालच्या अलीकडं-पलीकडं आमच्या पाच गावांना मिळून एक न्याय पंचायत मिळाली. बारीकसारीक तंट्यांसाठी माणसांनी दौंडाला आणि पुण्याला चपला झिजवू नयेत, गावातच निकाल लागावा, असा त्यामागचा विचार. प्रत्येक गावचा एक पंच, आणि पाच पंचांनी आपल्यातलाच एक अध्यक्ष निवडायचा. वकिलांना आत यायला बंदी. एवढं सगळं कागदावर होतं, पण अध्यक्षानं पूर्वी कधी न्याय केलेला असावा की नसावा, हे काही आम्हाला त्यात सापडलं नाही. तिथंच माझं फावलं.

खरं तर अध्यक्ष आबा होणार हे पाची गावांतल्या म्हशींनासुद्धा ठाऊक होतं. आबा शेजारच्या गावचे. तीस वर्षं त्यांनी पारावर बसून निवाडे केले होते. बांध, बैल, सोयरीक, कोंबडी, काय म्हणाल ते. एकदा चिंचेवर दोन कावळे भांडत होते. आबांनी खालून नुसतं खाकरलं, तर एक कावळा फांदी सोडून उडाला तो पुन्हा त्या झाडावर बसला नाही. हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. दुसरा कावळा पुढं कितीतरी वर्षं आबांना बघितलं की मान खाली घालायचा.

पण पहिल्याच बैठकीत घोटाळा झाला. आबांनी काठी बाकाला टेकवली आणि म्हणाले, "चला, उरका. माझं नाव लिवा."

कुणी लिहीना.

एक पंच जमिनीकडं बघत म्हणाला, "आबा, तुमचं आता वय झालं."

"वय तुझंबी झालंया. टकलावरनं हात फिरव जरा."

दुसरा म्हणाला, "नव्या राज्यात नवा माणूस बरा, असं आपलं माझं मत."

आता ह्यातली खोच अशी, की तीस वर्षं न्याय करणाऱ्या माणसासमोर तीस वर्षं कुणी ना कुणी हरलेलं असतं. त्या खोलीतला एक पंच आबांपुढं हातभर बांध हरला होता, दुसरा एक बैल हरला होता, आणि तिसरा तर ठरलेली बायको हरला होता. आबांसमोर कधीच न हरलेला मी एकटा. कारण माझ्याशी भांडण्याइतकी माझी किंमत तोवर कुणी केलीच नव्हती. शिवाय मी नुकताच शिरूरहून परत आलो होतो. तिथं अकरा महिने एका वकीलसाहेबांकडं होतो. ते मिशनच्या शाळेत शिकलेले, ख्रिस्ती, एका खिशात बायबल आणि दुसऱ्यात पेपरमिंटच्या गोळ्या. त्यांची बॅग उचलणं आणि ते कोर्टात असेपर्यंत बाहेर त्यांची सायकल धरून उभं राहणं, हे माझं काम.

तिघांनी माझं नाव काढलं तेव्हा आबा खवळले. "ज्यानं जल्मात एक निवाडा केला न्हाई त्याला धरून थेट वरच्या खुर्चीवर? आरं, वासरू एकदम मोटंला जुपता का रं तुम्ही?"

मी घसा साफ केला. "आबा, दिल्लीच्या सगळ्यात मोठ्या कोर्टात चालतंय."

दिल्ली म्हटलं की आमच्याकडं माणसं टोपी सारखी करतात.

"तिथला न्यायाधीश आधी न्यायाधीश असलाच पाहिजे असं न्हाई," मी म्हणालो. "मुरलेला वकील असला, कायद्याचा मोठा पंडित असला, तरी थेट बसवता येतंय. घटनेत लिवलंय. मला वकीलसाहेबांनी सांगितलं."

"आन् तू कोण? वकील का पंडित?"

"अकरा महिने वकिलाची सायकल धरलीया."

"म्हंजी वकिलाच्या जवळचाच की!" बायको हरलेला पंच आनंदानं म्हणाला, आणि मतं पडली. आबांना एक मत, आबांचंच. मला चार. त्यातलं एक माझं होतं. पहिला निकाल मी माझ्याच बाजूनं दिला, हे इथं कबूल करून टाकतो.

आठ दिवसांत पहिला दावा आला.

आमच्या गावाबाहेर रुळाच्या कडेला एक विहीर होती, दोन भाऊबंदांत मिळून. एकीकडं तात्या, चाळीस गुंठ्यांचा धनी. दुसरीकडं त्याच्या चुलतभावाची बायको. तिचा नवरा जाऊन दोन वर्षं झालेली. आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. तिचं रान वीस गुंठे, बैलजोडी एक, आणि मोट ती स्वतः हाकायची. तीस वर्षांपूर्वी आबांनी त्या विहिरीच्या पाण्याची वाटणी करून दिली होती: सूर्य उगवल्यापासून सकाळची पॅसेंजर पुण्याकडं जाईपर्यंत वहिनीच्या घरची बारी, गाडी गेली की दिवस मावळेपर्यंत तात्याच्या घरची.

घड्याळ त्या वस्तीवर एकाकडंही नव्हतं, पण गाडी होती. साडेदहाची गाडी. बायका तिच्यावर भाकरी थापायच्या, म्हातारे तिच्यावर काढा घ्यायचे. तात्याचा एक कोंबडा तर पहाटेचं आरवायचं सोडून गाडीलाच आरवायचा. आणि त्या साली नवं टाईमटेबल आलं. तीच गाडी साडेआठला जायला लागली.

वहिनीचे दोन तास एका शिट्टीत गेले.

"निकाल आबांचा हाय," तात्या बाकासमोर उभा राहून म्हणाला. "गाडी गेली की बारी संपली. आता गाडी लवकर जातीया, त्यात माझा काय गुन्हा? विंजान मी हाकतो का?"

वहिनी आबांकडं बघत म्हणाली, "आबा, कांदा आता पोसायला लागलाय. ह्या टायमाला पाणी तुटलं तर लसणाएवढा ऱ्हाईल. आन् ह्ये भावजी वरनं म्हणत्यात, जमत नसलं तर रान आमाला वाट्यानं लावून दे, बाईमाणसानं कशाला मोट हाकायची. मला माझं रान मीच करायचंय."

"वाईट काय बोललो? काळजीनं बोललो," तात्या म्हणाला.

"तुमची काळजी माझ्या बांधापतुर आलीया, भावजी. आणखी हातभर आली की रान तुमचं."

मी आबांकडं पाहिलं. आबा माझ्या शेजारच्या बाकावर, हनुवटी काठीवर टेकवून. "निकाल झालेला हाय," ते म्हणाले. "तीस वर्सं झाली. एकदा दिलेला निकाल मी उकरत न्हाई." आणि मग हळूच, माझ्यापुरतं, "चालवा अध्यक्षसाहेब. दिल्लीत कसं चालवत्यात बघू."

तात्याचं चुकलं म्हणावं तर शब्द त्याच्या बाजूनं. वहिनीचं चुकलं म्हणावं तर माझी जीभ वळेना. मग मला एकदम सुचलं की न्यायाधीश अशा वेळी काय करतात. मी तारीख दिली. चार दिवसांनंतरची.

"चार दिवस कांद्याला कोण समजावनार, भाऊ?" वहिनी म्हणाली.

मी सायकल काढली आणि शिरूरचा रस्ता धरला. वडगाव रासाईच्या अंगाला भीमा ओलांडली, सायकल डोक्यावर घेऊन. पारावर सांगताना ते पाणी माझ्या गळ्याला लागतं, पण तुम्ही वाचणारी माणसं, म्हणून गुडघाभर लिहितो.

वकीलसाहेब ओसरीत पालथ्या सायकलीचं पंक्चर शोधत बसले होते. सगळं ऐकून त्यांनी विचारलं, "विहिरीच्या पाण्याचा हक्क तुमच्या न्याय पंचायतीच्या अधिकारात येतो का?"

"कुणी विचारलं न्हाई, साहेब."

"मग तूही विचारू नकोस."

"साहेब, एक सांगा. वरच्या खुर्चीवर आधी न्याय केलेला माणूस बरा, का न केलेला?"

त्यांनी चाक फिरवलं. "केलेल्याला खुर्ची कुठं करकरते ते ठाऊक असतं. न केलेल्याला, समोर उभ्या राहणाऱ्याचे पाय दुखतात हे अजून आठवत असतं. घटना लिहिणाऱ्यांनी दार दोघांनाही उघडं ठेवलं, ते काही झोपेत नाही."

"मग मी ह्यातला कुठला?"

"तू सायकल धरणारा. धर."

मी धरली. निघताना त्यांनी एक पेपरमिंट हातावर ठेवली आणि म्हणाले, "निकाल मी सांगणार नाही. मी सांगितला तर तो माझा होईल. एवढंच कर, ज्याच्या जोरावर तुझा तात्या बोलतोय ना, त्यालाच साक्षीला बोलाव. आणि विचार त्याला, का म्हणून."

नदीपर्यंत मी विचार करत आलो. तात्या कुणाच्या जोरावर बोलतोय? पाण्याच्या मध्यावर डोक्यात उजेड पडला. गाडीच्या!

दुसऱ्या दिवशी मी न्याय पंचायतीचा शिक्का मारून समन्स लिहिलं आणि दौंड जंक्शनात जाऊन स्टेशनमास्तरांपुढं ठेवलं. "सकाळी पुण्याकडे जाणारी पॅसेंजर गाडी हिने समक्ष हजर राहून वेळ बदलल्याचा खुलासा करावा. न आल्यास एकतर्फी निकाल होईल." मास्तर उत्तरेकडचे, जाड भिंगाचा चष्मा. पण मराठी वाचायला शिकलेले. त्यांनी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

"पंचजी, ये समन किसके नाम है?"

"गाडीच्या."

"इंजिन के नाम, या डिब्बों के?"

मी थोडा विचार केला. "समद्यांच्या. एकत्र कुटुंब हाय."

मास्तरांच्या मिशा थरथरल्या. पण माणूस सभ्य. त्यांनी पाठीमागं लिहून दिलं: गाडी रोज आपल्या गावावरून हजेरी देऊनच जाते. साक्ष कृपया तिथेच घ्यावी. आणि हसू आवरत म्हणाले, टाईमटेबल पुन्हा बदललं की पुन्हा समन्स आणा, चहा पाजतो. मी बाहेर पडल्यावर आतून जे हसणं ऐकू आलं, त्यानं फलाटावरच्या कुत्र्यांनी जागा बदलल्या.

मला मात्र उत्तर पटलं. म्हणून चौथ्या दिवशी न्याय पंचायत विहिरीवर भरली.

सूर्य उगवला. वहिनीनं बैल जुंपले, मोट चालू झाली. मी पालथ्या पाटीवर, बाकीचे पंच बांधावर, आबा बाभळीखाली. गाव सगळं रुळाकडं तोंड करून. गाडीची साक्ष कशी घेतात हे बघायला मांडवगण फराट्याहूनसुद्धा दोघं आले होते. साडेआठचा सुमार झाला. तात्यानं आपली बैलं जुंपायच्या तयारीत आणून उभी केली.

गाडी आली नाही.

ऊन चढलं. वहिनीची मोट वर येत होती, काठावरच्या थारोळ्यात रिकामी होत होती, पुन्हा जात होती. तात्या रुळावर जाऊन कान लावून आला. मग धोतर सावरत सिग्नलच्या खांबावर हातभर चढला आणि तितकाच उतरला.

"तात्या, गाडी गेली का?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग बारी कुणाची?"

तात्यानं पुन्हा रुळाकडं बघितलं.

दौंडाच्या पलीकडं कुठंतरी मालगाडी अडकली होती, असं मागाहून कळलं. आमच्याकडं मात्र अजून सांगतात, की समन्स बघून गाडीच्या अंगाला घाम फुटला आणि ती दौंडाच्या बाहेर पडायला तयार होईना. मी ह्यावर कधी काही बोललो नाही. बोलणं न्यायाधीशाला शोभत नाही.

साडेदहा झाले असतील. मग अकरा. तात्याची बैलं उन्हात माना टाकून उभी, आणि शेवटी तात्याचा बांध फुटला. "आरं, गाडीला काय कळतंय! लोखंडाची ती! तिच्या भरवशावर माझी जितराबं किती येळ उभी करू? माझा गहू वाळायला लागला हितं!"

वहिनीनं बैल थांबवले. पदरानं तोंड पुसलं. "भावजी, मला रोज दोन तास असंच व्हतंय."

तात्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. आता निकाल द्यायचा होता आणि माझ्याकडं काही नव्हतं. साक्षीदार तर दौंडाच्या पलीकडं अडकलेला. तेव्हा मी एक प्रश्न विचारला. तो निव्वळ अडाणीपणातून आला. तीस वर्षं पारावर बसलेल्या माणसानं तो कधी विचारला नसता, कारण दुसऱ्या पंचाला असं विचारायचं नसतं हे त्याला ठाऊक असतं.

"आबा, त्या वक्ताला तुम्ही गाडीच का धरली?"

बांधावरचे तिन्ही पंच सरकून बसले. आबांना 'का' म्हणून कुणी विचारलेलं पाची गावांत कुणाच्या आठवणीत नव्हतं. आबांनी काठीच्या टोकानं मातीत एक रेघ ओढली, मग ती पुसली.

"खरं सांगू?" ते म्हणाले. "त्यो माझा पयला निवाडा व्हता. तुझ्यावाणीच, आदी कदी केला नव्हता. हिचा सासरा आन् ह्याचा बाप, दोघं हितंच उभं, कुऱ्हाडी घिऊन. मला काय बी सुचंना. तेवढ्यात गाडी आली. म्हणालो, गाडी गेली की बारी संपली. दोघांनी माना हलवल्या आन् मी जीव घिऊन घरी पळालो. त्या वक्ताला म्हस गेली असती तर म्हस म्हणालो असतो."

आधी वहिनी हसली. मग सगळं रान हसलं. तात्यानं तोंड फिरवून हसून घेतलं.

"मग मागनं बदलला का न्हाई?" मी म्हणालो.

"एक बदलला की लोक दुसऱ्याकडं बोट दावत्यात," आबा म्हणाले. "मग तिसऱ्याकडं. आता बदला. मी हितं बसलोय तवर बदला."

मला जोर चढला. "मग असं करू. बाभळीची सावली थारोळ्याला टेकली की बारी संपली."

"झालं! पुन्हा म्हसच आनलीस," आबा कडाडले. "आखाडात ढग आल्यावर? उन्हाळ्यात सावली सरकल्यावर? माझ्यावानी करू नगं, लेका. इचार कर."

मी विचार करत असताना वहिनी मोटेच्या नाड्याला टेकून म्हणाली, "मला गाडी नगं आन् सावली नगं. गाडी टायमात व्हती तवा माझ्या शंभर मोटा निघायच्या. रोज हाकतीया, तोंडपाठ हाय मला. माझ्या शंभर मोटा मला द्या. त्या झाल्या की भावजी हायेत आन् हीर हाय."

"शंभराच्या वर एक न्हाई," तात्या म्हणाला.

"एक बी नगं. आज मातुर जास्त झाल्यात, ते तुमच्या गाडीला इचारा."

मी आबांकडं बघितलं. आबांनी डोळे मिटून मान हलवली. मग मी उभा राहिलो, कोटाची बटणं लावली आणि वकीलसाहेबांची आठवण काढून जड आवाजात निकाल सांगितला: उभय पक्षांनी काळ मोजू नये, पाणी मोजावे. विहिरीच्या काठावर पाटीत शंभर खडे ठेवावे, दर मोटेला एक खडा दुसऱ्या पाटीत टाकावा, खडे तात्यानं मोजावे आणि टाकावे वहिनीनं. निकालातला एक शब्दही माझा नव्हता. आवाज तेवढा माझा होता.

अंगठे उठत होते तेवढ्यात गाडी आली. धडधडत, शिट्टी मारत गेली. कुणी मान वळवली नाही. तात्याचा कोंबडा तेवढा आरवला.

परत जाताना आबा माझ्या खांद्यावर हात टाकून चालले. "चला, अध्यक्षसाहेब. तुमच्या नावावर आता एक निवाडा लागला. म्हंजी एक माणूस इरोधात गेला. मुदत सरंपतुर मोजत ऱ्हावा."

मी मोजले नाहीत, पण लोकांनी मोजले. मुदत संपल्यावर कुणा एका कोऱ्या माणसाचं नाव निघालं, ज्यानं जन्मात कुणाचा निवाडा केला नव्हता. तेव्हा मीच उभा राहून गरजलो, "वासरू एकदम मोटेला जुंपता का रं?" आबा इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. शिरूरला वकीलसाहेब भेटले तेव्हा समन्सची गोष्ट ऐकून ओसरीत खालीच बसले. "अरे गाढवा, मी आबांना बोलाव म्हणत होतो!" मी म्हणालो, "आलेच की शेवटी, साहेब. गाडीनं आणलं."

पण हे पुढचं झालं. त्या वर्षी चैत्रात एका बैठकीला वहिनी शाळेत आली. पदराखालून एक कांदा काढून माझ्यापुढं बाकावर ठेवला. नारळाएवढा होता. बरं, पेरूएवढा. मोठ्या पेरूएवढा.

"ह्ये काय?" मी म्हणालो. "पंचांना काही घेता येत न्हाई, वहिनी."

"दिलाय कुठं? पुरावा हाय. पोसला का न्हाई, तपासून घ्या. बाकीचं वावर काढाय चाललंय, मला टाईम न्हाई." आणि गेली. स्वतःच्या वावरात, स्वतःच्या विळ्यासकट.

आबा कांद्याकडं बघत होते. मी आबांकडं. "तुझ्या फडक्यात भाकरी हाय न्हवं?" ते म्हणाले.

मी कांदा बाकावर ठेवला आणि बुक्की घातली. कांदा सटकला, तीन बाक ओलांडून भिंतीखाली गेला. आबा उठले, तो शोधून आणला, धोतराला पुसला, बाकावर नीट बसवला आणि वरून एकच बुक्की मारली. पाकळ्या पाकळ्या झाल्या.

"ह्याला आनुभव लागतो," आबा म्हणाले, आणि पाच गावांच्या अध्यक्षानं ते मान्य केलं. त्या दाव्याच्या कागदावर, पुराव्याच्या रकान्यात, आजही माझ्या अक्षरात लिहिलेलं सापडेल: दोघा पंचांनी समक्ष तपासला. गोड निघाला.